डब्यांतून आठवड्याला चाळीस पौंड सुटतात. मला मॅटर्निटी अलाउन्स मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा: नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट. ब्रिटनमध्ये लंडनजवळ स्लाऊला राहतो. यंदाच्या पाडव्यापासून, म्हणजे ३० मार्च २०२५ पासून, घरून डबे देते. सणावाराला पुरणपोळ्या असतात, दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी आत्ताच घेऊन ठेवल्या आहेत. जूनमध्ये सेल्फ-एम्प्लॉइड म्हणून नोंदणी केली. सामान-गॅस जाता आठवड्याला चाळीसेक पौंड सुटतात, कधी तेवढेही नाही. चौदावा आठवडा चालू आहे, डिलिव्हरीची तारीख १८ मार्च २०२६ दिली आहे. मैत्रीण म्हणते, एवढ्याशा कमाईवर काही मिळत नाही, आणि व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे पब्लिक फंड्सचा आधार घेता येणार नाही, ही अट असताना अर्ज केलास तर व्हिसाच धोक्यात येईल. खरे काय?

उत्तर:

आधी मनापासून अभिनंदन. गेल्या पाडव्याला धंदा सुरू केलात आणि बाळाची तारीख पुढच्या पाडव्याच्या आदल्या दिवशीची आहे, योग चांगला आहे.

मैत्रिणीने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. तुम्हाला मॅटर्निटी अलाउन्स मिळू शकतो आणि त्याने व्हिसाला धक्का लागत नाही. मात्र तो आठवड्याला २७ पौंड मिळणार की १८७.१८ पौंड, हे तुमच्या चाळीस पौंडांवर ठरणार नाही. ते ठरेल ४५.५० पौंडांच्या एका भरण्यावर, आणि तो तुम्ही कोणत्या रेफरन्स नंबरवर करता यावर. मी सतरा वर्षे इथे पश्चिम लंडनमध्ये छोट्या धंदेवाल्यांची हिशेबाची कामे करते आहे. दर वर्षी दोन-तीन जणी याच जागी अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपल्या बायका मुळात विचारायलाच येत नाहीत. त्यामागे घरून आलेली समजूत आहे असे मला वाटते. भारतात १९६१ साली मातृत्व लाभ कायदा आला, आज २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण ती नोकरदार बाईला. घरी शिवणकाम करणारी, पापड लाटणारी, डबे देणारी त्यात येत नाही. तिच्यासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजना आहे आणि पहिल्या बाळाला तिचे पाच हजार रुपये मिळतात. त्यामुळे ‘नोकरी नाही, मग कसली मॅटर्निटी’ हे डोक्यात पक्के बसलेले असते. इथे नोकरदार बाईला मालक देतो ती स्टॅट्युटरी मॅटर्निटी पे वेगळी. ती जिला मिळत नाही तिच्यासाठी सरकारचा मॅटर्निटी अलाउन्स आहे, आणि त्यात स्वतःचा धंदा करणारी बाई स्पष्टपणे धरलेली आहे. उपकाराचा त्यात काही भाग नाही. तो नॅशनल इन्शुरन्सवर, म्हणजे कमावणाऱ्यांच्या हप्त्यांतून चालणाऱ्या सरकारी विम्यावर, उभा आहे.

आता पात्रता. बाळ ज्या आठवड्यात अपेक्षित आहे त्या आठवड्याच्या रविवारपासून मागे ६६ आठवडे मोजायचे. तुमची तारीख १८ मार्च, बुधवार. त्या आठवड्याचा रविवार १५ मार्च. म्हणून तुमचा तपासणीचा काळ ८ डिसेंबर २०२४ ते १४ मार्च २०२६. या ६६ आठवड्यांपैकी निदान २६ आठवडे तुम्ही नोकरी किंवा धंदा केलेला हवा. ते सलग असण्याची गरज नाही, आणि आठवड्यात एक दिवस काम केले तरी तो आठवडा पूर्ण धरतात. तुमचा धंदा ३० मार्चला सुरू झाला, म्हणजे सप्टेंबरअखेर २६ भरतात. फराळाच्या ऑर्डरी आहेतच, तेव्हा ही अट तुम्ही दिवाळीच्या आधीच पार करता. नोंदणी जूनमधली असली तरी नोंदणीत धंदा सुरू झाल्याची तारीख कोणती लिहिली आहे ते एकदा बघून घ्या. बऱ्याच जणी फॉर्म भरला तीच तारीख टाकतात आणि हातचे दोन-अडीच महिने घालवतात.

दुसरी अट: त्यातल्या १३ आठवड्यांत आठवड्याला किमान ३० पौंड कमाई. इथेच सगळे घाबरतात. तुमच्यासारखी वही काढून बसते आणि बघते, की अमुक आठवड्यात बावीसच सुटले, तमुक आठवड्यात पाहुणे होते म्हणून डबेच दिले नाहीत. ती वही मिटा. नोकरदार बाईच्या बाबतीत पगाराच्या स्लिपा बघतात. धंदेवालीच्या बाबतीत कायदा खरा नफा बघतच नाही, तो कमाई ‘धरतो’. ज्या आठवड्याचा क्लास २, म्हणजे धंदेवाल्यांच्या नॅशनल इन्शुरन्सचा, हप्ता तुमच्या नावावर आहे, त्या आठवड्यात तुम्ही पूर्ण दराचा अलाउन्स बसेल इतकी कमाई केली असे धरतात. ज्या आठवड्याचा हप्ता नाही, त्या आठवड्यात बरोबर ३० पौंड कमावले असे धरतात. त्या तिसाचे नव्वद टक्के म्हणजे २७. तो २७ चा आकडा येतो तो असा. (हा ३० पौंडांचा उंबरठा २००० सालापासून तसाच आहे. तेव्हा तिसात काय यायचे आणि आज काय येते ते सांगायला नको. २७ पौंडांत डिंकाच्या लाडवांचे धड सामानसुद्धा येत नाही इथे.)

म्हणजे तोट्यात चालणारा धंदा असला तरी, तो खरा असेल आणि १३ आठवड्यांचे हप्ते भरलेले असतील, तर पूर्ण १८७.१८ पौंड मिळतात. ३९ आठवड्यांचे ७,३०० पौंड होतात. हप्ते नसतील तर त्याच ३९ आठवड्यांचे १,०५३. मधला फरक सव्वासहा हजारांच्या आसपास, आणि तो मिळवायला खर्च किती? क्लास २ चा हप्ता आठवड्याला ३.५० पौंड, तेरा आठवड्यांचे ४५.५०. तेरापेक्षा कमी आठवडे भरले असतील तर रक्कम मधली कुठलीतरी निघते. हे सगळे आकडे २०२५-२६ या करवर्षाचे आहेत, दर एप्रिलमध्ये ते बदलतात.

मग तुम्ही विचाराल, नोंदणी केली म्हणजे हप्ते आपोआप जात नाहीत का? नाही जात. गोंधळ इथे आहे. पूर्वी क्लास २ वेगळा भरायचा असे, बँकेतून दरमहा कापून जायचा. एप्रिल २०१५ पासून तो वर्षाच्या सेल्फ असेसमेंट रिटर्नमध्ये, म्हणजे आपण स्वतः भरतो त्या कराच्या विवरणात, घातला. त्यामुळे २०२५-२६ चा हप्ता रीतसर भरायची वेळ येते २०२६ च्या एप्रिलनंतर, रिटर्न भरताना. बाळ मार्चमध्ये. तुम्ही डिसेंबरात अर्ज करणार तेव्हा तुमच्या नावावर एकही हप्ता दिसणार नाही आणि अर्ज सरळ २७ वर जाऊन बसेल. पुढे एप्रिल २०२४ मध्ये आणखी एक बदल झाला. वर्षाचा नफा ठरावीक रकमेच्या वर असेल तर क्लास २ भरायलाच नको, भरला असे धरले जाते. २०२५-२६ साठी ती रक्कम ६,८४५ पौंड आहे. तुमचा नफा जेमतेम दोन हजार, म्हणजे तुम्ही त्या रेषेच्या खाली. खाली असणाऱ्याला सक्ती नाही, पण स्वतःहून भरायची मुभा आहे. ‘सक्ती नाही’ एवढेच ऐकून लोक सोडून देतात.

यावरची वाट अशी. गरोदरपणाचे २६ आठवडे पूर्ण झाले की, तुमच्या बाबतीत साधारण १० डिसेंबरनंतर, अलाउन्सचा एमए-१ फॉर्म भरून डीडब्ल्यूपीकडे, म्हणजे हा लाभ देणाऱ्या सरकारी खात्याकडे, पाठवायचा. त्यांनी तुमचे हप्ते तपासले आणि ते कमी दिसले की एचएमआरसीकडून, म्हणजे कर खात्याकडून, तुम्हाला पत्र येते. हप्ते आगाऊ भरून पूर्ण दर मिळवता येईल, इतके भरा, या रेफरन्सवर भरा, असे त्यात असते. त्या पत्रातल्याच रेफरन्स नंबरवर पैसे भरायचे. तुमच्या सेल्फ असेसमेंटच्या नेहमीच्या नंबरवर भरू नका.

हे ठळक का लिहिले ते सांगते, चूक माझीच होती. एका बाईचे काम माझ्याकडे होते, मेंदी काढायची ती, लग्नसराईत बरे चालायचे, एरवी काही नाही. मी शहाणपणाने तिला आधीच सांगितले की पत्राची वाट कशाला बघतेस, तुझा रोजचा यूटीआर, म्हणजे कराच्या खात्याचा नंबर आहे त्यावर भरून मोकळी हो. तिने भरले. पैसे तिच्या कराच्या खात्यात जाऊन पडले, अलाउन्सच्या हिशेबाला त्यांचा उपयोग नाही. पुढे पत्र आले ते तिने ‘आपण तर भरलेत’ म्हणून बाजूला ठेवले. २७ पौंडांचा निकाल आला तेव्हा ती रडत माझ्याकडे आली, मांडीवर दहा दिवसांचे बाळ. मग पत्रातल्या नंबरवर पुन्हा भरणा, डीडब्ल्यूपीला फोन, फेरविचाराचा अर्ज. मागचा फरक मिळाला शेवटी, पण ज्या महिन्यात पैसे हवे होते त्या महिन्यात हातात नव्हते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, अर्ज वेळेवर करा, पत्र आले की त्याच दिवशी भरा, भरल्याचा पुरावा जपून ठेवा. आठ-दहा दिवसांत पत्र दिसले नाही तर स्वतः फोन करा. निकाल चुकीचा वाटला तर एक महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो, हे पत्रातल्या बारीक अक्षरांत असते.

फॉर्मसोबत मॅटबी-१ हे प्रमाणपत्र लागते. ते मिडवाइफ किंवा डॉक्टर विसाव्या आठवड्यानंतर देतात. तुमचा विसावा आठवडा ऑक्टोबरच्या शेवटी, नेमका दिवाळीनंतर. पुढच्या भेटीत आठवणीने मागून घ्या, स्वतःहून दरवेळी देतातच असे नाही. पैसे लवकरात लवकर बाळाच्या आठवड्याच्या ११ आठवडे आधीपासून सुरू होतात, म्हणजे २८ डिसेंबर २०२५ पासून, आणि उशिरात उशिरा बाळ झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. अर्जाला उशीर झाला तर जास्तीत जास्त तीन महिने मागचे मिळतात, त्याहून मागचे बुडाले. कधीपासून घ्यायचे हे तुमच्यावर आहे, आठवडे ३९ च मिळणार. २८ डिसेंबरपासून घेतले तर सप्टेंबरअखेर संपतात. माझे मत विचाराल तर, तब्येत साथ देत असेल तर जानेवारीभर डबे चालू ठेवा आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून घ्या. बाळ हातात आल्यावरचे आठवडे जास्त मोलाचे असतात. पण पायाला सूज, उभे राहवत नाही असे असेल तर हा हिशेब बाजूला ठेवा. आणि शेवटच्या चार आठवड्यांत गरोदरपणामुळेच आजारी पडून काम थांबले तर पैसे तिथूनच सुरू होतात, तुम्ही दुसरी तारीख निवडलेली असली तरी.

अलाउन्स सुरू झाल्यावर काम करता येते का? दहा दिवस. त्यांना कीप-इन-टच दिवस म्हणतात. तासभर काम केले तरी एक दिवस गेला. डब्यांच्या धंद्यात हे अवघड जाते, कारण जुनी गिऱ्हाइके फोन करतात, ‘ताई, फक्त वीस पोळ्या’. त्या वीस पोळ्यांचाही एक दिवस. तारखा कॅलेंडरवर लिहीत जा. दहाच्या वर गेलात तर पैसे कापले जाऊ शकतात, आणि ‘माहीत नव्हते’ हे कारण चालत नाही. वर्षभराच्या सणांच्या ऑर्डरींतून दहा दिवस निवडायचे, त्यात जमते.

आता व्हिसा. ‘पब्लिक फंड्स’ हा शब्द म्हणजे सरकारकडून येणारा कोणताही पैसा असा अर्थ नाही. इमिग्रेशनच्या नियमांत त्याची ठरलेली यादी आहे. युनिव्हर्सल क्रेडिट त्यात आहे, चाइल्ड बेनिफिट आहे, हाउसिंग बेनिफिट आहे. मॅटर्निटी अलाउन्स त्यात नाही, कारण तो नॅशनल इन्शुरन्सवर बेतलेला आहे. त्यामुळे डिपेंडंट व्हिसावरची बाई तो निर्धास्त घेऊ शकते. पुढे कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना त्याची अडचण येत नाही.

खरी चूक होते ती त्यानंतर. बाळाची नोंदणी झाली की कुणीतरी चाइल्ड बेनिफिटचा फॉर्म पुढे करते, ‘सगळेच भरतात’ म्हणून. तुम्हा दोघांच्याही व्हिसावर ती अट असेल तर तो भरू नका. तो यादीत आहे. बाळंतपणासाठी एकरकमी मिळणारी शुअर स्टार्ट मॅटर्निटी ग्रँटही तशीच. अलाउन्स चालतो, हे दोन नाहीत, एवढे पक्के लक्षात ठेवा.

व्हिसाबाबत आणखी एक. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला धंदा करायला परवानगी आहे. ग्रॅज्युएट व्हिसावरही आहे. स्टुडंट व्हिसावर नाही. तिथे डबे विकणे हाच नियमभंग, मग अलाउन्सचा विषयच नको. आणि मुख्य व्हिसाधारक स्वतः नोकरीच्या जोडीला धंदा करत असेल तर त्यावर बंधने आहेत. ते नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागारालाच विचारा. तो सल्ला द्यायचा परवाना मला नाही.

तुम्ही विचारले नाहीत, पण विचारणार आहात असे वाटते: बाळंतपणाला माहेरी जायचे का? इच्छा मला समजते, माझ्या पहिल्या वेळी मीही सांगलीला गेले होते. पण अलाउन्स हा इथे राहणाऱ्यासाठी आहे. देशाबाहेर असतानाच्या काळाचे पैसे मिळतीलच असे धरून चालू नका, आणि जाणार असाल तर आधी कळवणे बंधनकारक आहे. तिकिटे काढण्यापूर्वी डीडब्ल्यूपीला तारखांसह लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. आईला सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर इकडे बोलावणे बहुतेक घरांना सोपे पडते.

तुमच्यासारख्याच पण थोड्या वेगळ्या परिस्थितीतल्या बायकांसाठी दोन गोष्टी. काहीजणी धंदा करतात आणि जोडीला दुकानात अर्धवेळ नोकरीही करतात. नोकरीचा पगार सरासरी आठवड्याला १२५ पौंडांच्या (२०२५-२६ चा आकडा) खाली असेल तर मालकाची मॅटर्निटी पे बसत नाही. अशा वेळी मालकाकडून एसएमपी-१ हा नकाराचा फॉर्म घ्यायचा आणि अलाउन्सला लावायचा. उलट मालकाची पे मिळत असेल तर त्याच बाळंतपणासाठी अलाउन्स मिळत नाही. दुसरी, जिच्या नावावर काहीच नाही, पण नवऱ्याच्या नोंदणीकृत धंद्यात, म्हणजे दुकान असो की खाद्यपदार्थांचा स्टॉल, ती पगाराशिवाय राबते. तिच्यासाठी वेगळी तरतूद आहे, आठवड्याला २७ पौंड, पण १४ च आठवडे. ३७८ पौंड होतात. थोडे आहेत, पण त्या बाईचे काम कुठेतरी कागदावर येते. मला ही तरतूद त्यासाठी आवडते. पुढच्या वेळेसाठी मात्र तिने स्वतःची नोंदणी करावी.

ज्यांना कायमचे वास्तव्य किंवा नागरिकत्व आहे आणि जे युनिव्हर्सल क्रेडिट घेतात, त्यांनी हे समजून घ्यावे की अलाउन्सचा एक पौंड आला की क्रेडिटमधून एक पौंड जातो. तिथे ४५.५० भरून हातात फार काही पडेलच असे नाही, हिशेब करून ठरवावे. तुमच्या बाबतीत तो प्रश्न नाही.

अलाउन्सवर कर लागत नाही, रिटर्नमध्ये दाखवायचा नाही. नवरा नोकरदार असेल तर तुम्ही तुमचे काही आठवडे कमी करून त्याला शेअर्ड पॅरेंटल रजा मिळू शकते, त्याच्या एचआरला आत्ताच विचारायला सांगा. त्यांच्या नोटिशीच्या मुदती असतात.

राहता राहिला धंदा. घरून खाद्यपदार्थ विकायला कौन्सिलकडे फूड बिझनेस म्हणून नोंदणी लागते. ती फुकट असते आणि सुरू करण्याच्या २८ दिवस आधी करायची असते. अलाउन्सशी तिचा थेट संबंध नाही, पण राहिली असेल तर फराळाच्या आधी करून टाका. आणि व्हॉट्सॲपवरच्या ऑर्डरी पुसू नका. कुणी विचारलेच की धंदा खरंच चालू होता का, तर ‘ताई, शुक्रवारी दोन डबे जास्त’ हा मेसेज आणि बँकेत आलेले चौदा पौंड, हाच तुमचा पुरावा. मेंदीवालीच्या वेळी आम्ही तेच जोडले होते.